मधला पूल

“माझे आजोबा दादरला भाजी विकायचे,” असं माझी मुलगी समोरच्या बाईंना सांगत होती. आवाज अगदी साधा, आजोबा पोस्टात होते म्हणावं तसा. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं आणि मी मध्येच बोलून गेले, “मी शिक्षिका होते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं.” मला कुणी काही विचारलं नव्हतं. बाई हसून “वा” म्हणाल्या, हातातली खोक्यांची यादी चाळू लागल्या, आणि त्यांच्यापुरता विषय संपला. मुलीने माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. बाहेर शिकागोची ऑक्टोबरमधली थंडी, आत ग्रंथालयातली ऊब; पण कानांत चढलेली ही ऊब हीटरची नव्हती. ती माझ्या चांगल्या ओळखीची होती, दादरपासूनची.

ग्रंथालय डीपॉल विद्यापीठाचं. मुलगी इथे एम.ए. करते, मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे आले होते. पहिल्या सत्रातच तिने फोनवर सांगितलं होतं, “आई, पप्पांच्या सोसायटीचा तो विन्सेंट इथे अख्ख्या विद्यापीठाचा संत आहे, आणि त्याचा अभ्यास करायला वेगळी संस्था आहे.” पप्पा म्हणजे माझे वडील. तिने त्यांना पाहिलेलं नाही, ती पाळण्यात असतानाच ते गेले, पण घरात सगळे त्यांना पप्पाच म्हणायचे म्हणून तीही म्हणते. १८९८ मध्ये विन्सेंटच्याच संघातल्या, म्हणजे विन्सेंशियन, फादरांनी इथे सेंट विन्सेंट्स कॉलेज काढलं, १९०७ मध्ये त्याचं डीपॉल विद्यापीठ झालं. फुलर्टन स्टेशनवर उतरलं की लगेच आवार लागतं; डोक्यावरच्या पुलावरून लोकल खडखडत जातात आणि खाली पोरं कानांत गाणी घालून वर्गांकडे पळत असतात. तो खडखडाट ऐकला की मला आपलं वसई-विरारच आठवायचं.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीत, संत विन्सेंट दी पॉल हे नाव लहान मुलांनाही पाठ होतं, पण त्या नावाचा माणूस, सतराव्या शतकातला तो फ्रेंच धर्मगुरू, कोण हे फारसं कुणी विचारायचं नाही. सोसायटी म्हटलं की त्याच्या नावाची, गरिबांना मदत करणारी. फ्रेडरिक ओझानम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केलेली ही सोसायटी आमच्या केळीच्या वाड्यांपर्यंत कशी पोहोचली कोण जाणे, पण दर रविवारी मिस्सा झाल्यावर पप्पा आणि आणखी आठ-दहा जण चर्चमागच्या खोलीत बसायचे. त्याला कॉन्फरन्स म्हणायचे. कुणाच्या घरी तांदूळ संपले, कुणाचा खोकला अजून जात नाही, कुणाच्या पोराची फी राहिली आहे, अशा गोष्टी. शेवटी एक कापडी पिशवी फिरायची. प्रत्येकाने मूठ मिटून आत घालायची आणि आतच उघडायची. कुणी किती टाकले, की काहीच टाकले नाहीत, हे शेजारच्यालाही कळत नसे. लहानपणी मी दारात उभी राहून ते बघायची. पप्पांची भाजीच्या देठांनी काळवंडलेली मूठ पिशवीत जाताना मला दिसायची, त्या मुठीत काय असायचं ते कधीच दिसलं नाही.

आणि सप्टेंबरच्या २७ तारखेला, संताच्या सणाला, धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं नाटक करायची. नाटक ठरलेलं. तरुण विन्सेंट जहाजातून चाललाय, समुद्री चाचे येतात, त्याला बाण लागतो, ट्युनिसच्या बाजारात गुलाम म्हणून तो विकला जातो. मालकाची बायको त्याला शेतात गाणं म्हणायला सांगते, तो बाबेलच्या नद्यांकाठचं स्तोत्र गातो, ते ऐकून मालकाचं मन बदलतं आणि दोघे एका होडक्यातून फ्रान्सला पळून येतात. माझा भाऊ तीन वर्षं चाचा झाला होता, आजीच्या लाल लुगड्याचा पटका बांधून. पुढे मी स्वतः धर्मशिक्षण द्यायला लागले तेव्हा मीही हीच गोष्ट सांगत आले. मुलांचे डोळे मोठे व्हायचे. मला तेवढं पुरे होतं.

तर त्या ग्रंथालयात बाईंनी आमच्यापुढे खोकी मांडली. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशव्या बाहेर कपाटात. एका खोक्यात संताची चित्रं, कडेला कागदी लेस असलेली, जपमाळेच्या पुस्तकात ठेवतात तशी, एकात पदकं. आमच्या घरी आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असंच एक चित्र होतं: पांढरी दाढी, डोक्यावर काळी टोपी, कुशीत बाळ. बाजूच्या फळीवर त्याच्या पत्रांचे आणि प्रवचनांचे खंड ओळीने लावलेले. पियेर कोस्त नावाच्या त्याच्याच संघातल्या फादरांनी १९२० ते १९२५ या काळात ती फ्रेंचमध्ये १४ खंडांत छापली, आणि इंग्रजी खंड १९८५ पासून एकेक करून येत गेले. विन्सेंटने आयुष्यात ३०,०००च्या आसपास पत्रं लिहिली असावीत असं अभ्यासक मानतात. उरला तो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा. १३ जुलै १७८९ रोजी, म्हणजे बास्तीयचा तुरुंग पडायच्या आदल्या दिवशी, पॅरिसमधलं त्याच्या संघाचं मुख्य घर, सेंट लाझार, धान्य शोधत आलेल्या जमावाने लुटलं. उरलेलं गोळा करायचं, तपासायचं, तळटीपा लावायच्या, हे काम इथली विन्सेंशियन स्टडीज इन्स्टिट्यूट करत आली आहे. १९८० पासून तिचं नियतकालिकही निघतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, हे खंड विद्यापीठाच्या डिजिटल भांडारातून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मी त्या रात्री ते मुलीच्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. झोप येत नव्हतीच.

पहिल्या खंडातलं पहिलंच पत्र ट्युनिसबद्दलचं निघालं. २४ जुलै १६०७, आव्हिन्योंहून. आमचं अख्खं नाटक त्यात होतं, बाण, बाजार, स्तोत्र, होडकं. पण पत्राच्या खाली, आणि मग इथल्या अभ्यासकांच्या लेखांतून, दुसरीही गोष्ट होती. विसाव्या शतकात इतिहासकारांनी हे पत्र भिंगाखाली धरलं. तारखा जुळत नाहीत, प्रवासाचे तपशील पटत नाहीत, एवढ्याशा होडक्यातून भूमध्य समुद्र पार करणं अवघड. आणि विन्सेंट पुढे पन्नासहून जास्त वर्षं जगला, हजारोंशी बोलला, पण आपल्या गुलामीबद्दल त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. काहींच्या मते गुलामीची म्हणून सांगितलेली ती दोन वर्षं तो दुसरीकडेच कुठेतरी होता, कर्ज चुकवत. काही आजही पत्राच्या बाजूने उभे आहेत. वाद मिटलेला नाही.

मी लॅपटॉप बंद केला, परत उघडला. ज्या संस्थेने त्याचं नाव लावलं तिनेच हे छापावं? भावाचा पटका आठवला, वर्गातल्या मुलांचे मोठे झालेले डोळे आठवले, आणि खरं सांगते, मला राग आला. आपल्याकडे संताच्या चरित्रात असं कुणी लिहिलं तर धर्मग्रामात गोंधळ होईल. पण पुढे वाचत गेले तसा राग कुठे जाईना आणि नीट राहीनाही. कारण त्या पत्राला एक शेवट आहे. विन्सेंट म्हातारा झाल्यावर, पन्नासेक वर्षांनी, त्याच्या गावाकडच्या एका मित्राला ते जुनं पत्र कुठल्याशा कागदांत सापडलं. मित्राने कौतुकाने त्याची नक्कल पाठवली. विन्सेंटने नक्कल जाळून टाकली. मूळ पत्र परत मिळावं म्हणून त्याने लिहिलं, आणि १८ मार्च १६६०ला, मरणाच्या सहा महिने आधी, पुन्हा लिहिलं: देवाने तुमच्यावर ज्या ज्या कृपा केल्या असतील त्या सगळ्यांची आण, ते तुर्कस्तानचं दळभद्री पत्र मला परत पाठवा. (ट्युनिस तेव्हा तुर्कांच्या राज्यात होतं.) त्याच्या सेक्रेटरीला धन्याचा बेत कळला आणि त्याने परस्पर मित्राला कळवलं की पत्र विन्सेंटच्या हाती पडू देऊ नका. म्हणून ते राहिलं, आणि आता शिकागोत क्रमांक एक म्हणून छापलेलं आहे.

जुने चरित्रकार म्हणतात ही त्याची नम्रता. असेल. पण ऐंशीच्या घरातला माणूस नम्रतेपायी एवढा जीव तोडून मागतो का? मला त्या ओळीत लाज दिसते. पंचविशीत आपण स्वतःला रंगवून सांगितलं, मोठं करून सांगितलं, तो कागद अजून कुणाच्या तरी पेटीत आहे, ही लाज.

पुढच्या दोन दिवसांत मुलगी वर्गांना जायची आणि मी खिडकीजवळ बसून वाचायची. माझं इंग्रजी शाळेपुरतं, त्यामुळे हळू. पण ती पत्रंही तशी घरगुतीच. कुठल्या घरी पीठ किती पाठवायचं, घोडागाडीचं काय करायचं, तापावर जुलाब द्यावा की रक्त काढावं, अमक्या सिस्टरला तमकीशी पटत नाही. सहीत ‘डीपॉल’ हा एकच शब्द. ‘डी’ वेगळा काढला तर खानदानी वाटेल म्हणून तो जोडूनच लिहायचा. सहीपुढे काही आद्याक्षरं, त्यांचा अर्थ ‘मिशनचा नालायक पुजारी’. दरबारातल्या बड्या लोकांना तो स्वतःहून सांगायचा की मी गरीब कुळवाड्याचा पोर आहे, डुकरं राखलीत मी. आईला लिहिलेलं त्याचं एकच पत्र आज माहीत आहे, १७ फेब्रुवारी १६१० चं. त्यात तो म्हणतो, बढतीची संधी हातची जाऊ नये म्हणून पॅरिसला थांबावं लागतंय, नाहीतर येऊन तुझी सेवा केली असती. पण लवकरच सगळं मार्गी लागेल आणि उरलेले दिवस तुझ्याजवळ काढीन. तो गेला नाही. १६२३ मध्ये एकदाच गावी गेला, आणि परत निघाल्यावर भावाबहिणींची गरिबी आठवून वाटभर रडला, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलंय.

तिसऱ्या दिवशी मुलीने येऊन एक पान काढून दिलं. “हे वाच,” म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तिने ते मुद्दाम शोधलं होतं की वर्गात वाचलं होतं, मी आजवर विचारलेलं नाही. त्या पानावर म्हातारा विन्सेंट आपल्या लोकांपुढे बोलतोय. लहानपणी बाप मला गावात घेऊन जायचा, म्हणतो, तेव्हा त्याचे कपडे नीट नसायचे आणि तो जरा लंगडायचा, म्हणून मला त्याच्याबरोबर चालायची, हा माझा बाप आहे असं म्हणायची, लाज वाटायची. आणखी एक आठवण तो सांगायचा, गावाजवळच्या दाक्स शहरातल्या शाळेतली. कुणीतरी येऊन सांगितलं, तुझे वडील आलेत, गरीब शेतकरी आहेत, बाहेर उभे आहेत. तो भेटायला गेलाच नाही. त्याच्या शिक्षणासाठी बापाने बैलांची जोडी विकली असं म्हणतात. बाप १५९८ मध्ये वारला, मुलाला दीक्षा मिळायच्या दोन वर्षं आधी.

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा पान माझ्या मांडीवर तसंच होतं.

पप्पा पहाटेच्या गाडीने दादरला जायचे. रात्री भाजी धुऊन, जुड्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली असायची. मुळ्याचा तिखट वास आणि शेपूचा उग्र वास अंथरुणापर्यंत यायचा. दोन वाजता घरात कंदील हलायचा, टोपल्या उचलताना पप्पांचा एक हुंकार, मग अंगणात पावलं. मी उठायची तेव्हा अंगणात नुसतं पाणी सांडलेलं असायचं. १९८० मध्ये मी मुंबईच्या कॉलेजात जायला लागले, आमच्या आळीतली पहिली मुलगी. पप्पांनी त्या वर्षी केळीच्या वाडीतला कोपऱ्याचा तुकडा गहाण ठेवला होता. दादरला उतरून मी मधल्या पुलावरून पलीकडे जायची. सोबत दोन मैत्रिणी, एक हिंदू कॉलनीतली, एक माटुंग्याची. घरच्या कादोडी बोलीचा एक शब्द तोंडातून निसटू नये म्हणून मी तेव्हा फार जपून बोलायची.

जुलैतला दिवस, पाऊस. पुलावर गर्दी, पायाखाली चिखल. समोरून पप्पा आले. आखूड पँट, अंगाला चिकटलेला सदरा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एकात एक घातलेल्या दोन रिकाम्या टोपल्या. अनवाणी. डाव्या पायाला कधीतरी विळा लागलेला, त्यामुळे जिना चढताना तो पाय किंचित मागे राहायचा. त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, ओठ हलले, हाक बाहेर पडणार एवढ्यात मी मान वळवून इंडिकेटरकडे पाहायला लागले. इंडिकेटरवर बोरिवली होती. मला बोरिवलीशी काहीही काम नव्हतं. टोपलीच्या काठावरून गळणारं पाणी माझ्या दंडावर पडलं, इतक्या जवळून ते गेले. “ई, केवढा वास,” असं मैत्रीण म्हणाली. मी हसले.

मी हसले होते. ते हसू त्यांना ऐकू गेलं का, ते मला माहीत नाही.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा पप्पा ओसरीवर सुंभ वळत बसले होते. “जेवून घे,” म्हणाले. दादरहून माझ्यासाठी आणलेलं नवं फाउंटन पेन टेबलावर ठेवलेलं होतं. सकाळीच घेतलं होतं, मला पुलावर द्यायचं होतं, असं आई म्हणाली. तिला बाकी काही माहीत नव्हतं, की होतं, कोण जाणे. त्या दिवसानंतर पप्पा मला मधल्या पुलावर कधीही दिसले नाहीत. कित्येक महिन्यांनी आळीतल्या एका भाजीवाल्याकडून कळलं की ते आता टोपल्या घेऊन पार टोकाच्या पुलावरून जातात. फेरा पडतो, पण म्हणतात तिकडे गर्दी कमी असते. मी यावर कधी बोलले नाही. त्यांनीही काढलं नाही. ते गेले त्या आठवड्यात मी शेजारी बसून होते, पुष्कळ बोललो आम्ही, वाडीबद्दल, नातीबद्दल. पूल तेवढा राहिला.

विन्सेंटचं एक काम सगळ्यांना ठाऊक असतं, फ्रान्समधल्या शातियों गावचं. १६१७चा ऑगस्ट. एका घरातले सगळेच आजारी पडलेत असं मिस्सेआधी त्याला कळलं, त्याने प्रवचनात सांगितलं, आणि दुपारी सारा गाव जेवण घेऊन त्या घराच्या वाटेवर. तो म्हणाला, माया खूप आहे, पण तिला घडी नाही. आज अन्न नासेल, उद्या हेच लोक उपाशी. मग गावातल्या बायकांच्या पाळ्या लावून त्याने नियम लिहिले, ते खंडात पूर्ण छापलेत. आजाऱ्याला प्रेमाने हाक द्यावी. पलंगावर छोटं मेज मांडावं, त्यावर रुमाल, पेला, चमचा, पाव. त्याचे हात धुवून द्यावेत. मांस बारीक कापून द्यावं. पोटच्या मुलाला भरवावं तसं भरवावं. आणि ज्याच्याजवळ कुणीतरी आहे त्याच्यापासून सुरुवात करावी. जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावं, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येतं.

ही शेवटची ओळ वाचली आणि मी उठून उभी राहिले. सोसायटीच्या फेरीला पप्पा मला कधी कधी बरोबर न्यायचे, नऊ-दहा वर्षांची असताना. पाच घरं. त्यातलं एक घर आमच्या अगदी शेजारच्या गल्लीत, एका म्हातारीचं; तिला पुढेमागे कुणी नव्हतं. मी दर वेळी म्हणायची, पप्पा, जवळचं घर आधी करू या, म्हणजे पिशवी हलकी होईल. ते ऐकायचे नाहीत. चार घरं हिंडून, पाय भरून आल्यावर, अंधार पडताना आम्ही त्या म्हातारीकडे यायचो. पप्पा तांदूळ ठेवायचे, चूल बघायचे, आणि मग बसायचे. नुसते बसायचे. ती तीच ती गोष्ट सांगायची, ते तेच ते ‘हो’ म्हणायचे. मी उंबऱ्यावर पेंगायची. पप्पा चौथी शिकलेले. शातियोंचे नियम त्यांच्या कॉन्फरन्समध्ये कुणी वाचून दाखवले असतील असं मला वाटत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, हाताने हाताला, ती ओळ त्यांच्यापर्यंत आली असणार, साडेतीनशे वर्षं चालत.

शुक्रवारी मी मुलीला म्हटलं, मला परत त्या ग्रंथालयात जायचंय. तिचा वर्ग होता. मी एकटीच निघाले. रेड लाइन, फुलर्टन, जिना. पिशवी कपाटात ठेवली, पेन काढून दिलं. त्याच बाई होत्या. त्यांना मी आठवत होते. “आज काय दाखवू?” म्हणाल्या. मी वाटेत गाडीत चार वेळा वाक्य जुळवलं होतं, ते आयत्या वेळी मोडलं. मी म्हटलं, काही दाखवू नका. परवा माझी मुलगी बोलत होती तेव्हा मी मध्ये बोलले. माझे वडील भाजी विकायचे. मुंबईत, दादरला. डोक्यावर टोपली घेऊन. सोसायटीतही होते ते, ह्यांच्या, असं म्हणून मी फळीवरच्या खंडांकडे हात केला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. “कुठली भाजी?” त्यांनी विचारलं.

मुळा मला सांगता आला, पालक सांगता आला. पुढे इंग्रजी सरलं. मग मी मराठीतच सांगत गेले. शेपू. लाल माठ. दुधी. शिराळी. वालाच्या शेंगा, थंडीत. पडवळ. बाईंनी पेन्सिल उचलली, समोरच्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहायला लागल्या, आणि पडवळापाशी थांबून म्हणाल्या, हा शब्द जरा पुन्हा सांगा, सावकाश.